तिसऱ्या नळीची वरची बाजू

रानू वुलुंग,
रविवार, ६ ऑक्टोबर १९९६

चिरंजीव सात्रियो,

आईचा सलाम आणि नमाजेनंतरची रोजची दुआ. दुआ तर रोज करतेच, पण कागदावर लिहिली की ती तुझ्या हातात पडते, म्हणून लिहिते.

तुझं जाड पाकीट गुरुवारी मिळालं. कोपरा भिजून आला होता, अक्षर मात्र शाबूत होतं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा सपाट अंगणातही कुरकुरतो. शाळेतून निवृत्त झाले तरी हेडमास्तरपण काही उतरत नाही; सकाळी सातच्या ठोक्याला उभे राहून कोंबड्यांची हजेरी घेतात. पाऊस अजून नाही. ऑगस्टमध्ये आपल्या तळ्याचं पोट बिघडलं. तळातलं पाणी वर आलं, गंधकाचा वास सुटला आणि पिंजऱ्यांत पाळलेले मासे धापा टाकत वर आले. चाक मुनीर, साऱ्या गावाचा तो दादा, त्याचे निम्मे मासे गेले बिचाऱ्याचे. जे धडपडत होते त्यांतले टोपलीभर मी घेतले आणि खारवून ठेवले. तुझ्याकडे येणारं कुणी भेटलं तर पाठवीन.

कागद पातळ घेतला आहे आणि दोन्ही बाजूंनी लिहिते आहे. उजेडासमोर धरून वाचू नकोस, दोन्हीकडचं एकदम दिसेल आणि तुला वाटेल आईचं डोकं फिरलं.

तुझ्या पाकिटात दोन पत्रं होती, एक मला आणि एक तुझ्या बायकोला, पालुपीला. तिचं तू उघडंच ठेवलं होतंस. "आई, आधी तू वाच आणि मग तिला दे, म्हणजे जानेवारीत ती दोहाला येते की नाही याचा एकदाच निकाल लागेल," असं लिहिलं होतंस. मी वाचलं. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी जुलैपासूनचं सांगते. फोनच्या दुकानात तुझे बाबा खेटून उभे असतात आणि मिनिटं पळत असतात, तिथे काहीच धड बोलता येत नाही.

तू तुझ्या बायकोला काम करताना कधी पाहिलेलं नाहीस. लग्न झालं तेव्हा ती बांडुंगला शिकत होती, आणि मग तू गॅसच्या कारखान्यात निघून गेलास. मीही पाहिलं नव्हतं. सून तळ्याच्या चिखलावरून जुनं पाऊसपाणी ओळखते, असं मी चारचौघींत ऐटीत सांगायची. पण मनात म्हणायची, चिखलाला कसली आलीय आठवण. शेजारची बु सुमियाह तर एकदा तोंडावर म्हणाली, "मुर्तिनी, मुलगा तुझा वाळूत, सून चिखलात. नातवंडं काय सिमेंटची करणार?" मी हसले. तांदूळ निवडत होते, ते निवडत राहिले.

जुलैत ती आली ती विद्यापीठाची माणसं, दोर, पाइप आणि परदेशातून उसनं आणलेलं एक यंत्र घेऊन. पिंपांवर बांबू बांधून त्यांनी तराफा केला आणि तळ्याच्या मधोमध दगड टाकून नांगरला. मी चाक मुनीरच्या होडीतून जेवण पोचवायला जायची, आणि जायची ती तिथेच बसायची. घरी काम पडलेलं असायचं, तरी पाय निघायचा नाही.

काम ऐकायला सोपं आहे. पाइप पाण्यातून तळापर्यंत सोडायचा, चिखलात सरळ दाबायचा, आणि चिखल वर्षानुवर्षं थरावर थर बसत आला आहे तसाच्या तसा आत घेऊन वर ओढायचा. जरा तिरका झाला, जरा हिसका बसला, की थर एकमेकांत मिसळतात आणि सगळं वाया. पालुपी तुझ्या बाबांची जुनी पँट दोरीने कमरेला आवळून, डोक्याला फडकं आणि वर गवती टोपी घालून उभी असायची. दोराला हात घालण्याआधी दर वेळी बिस्मिल्ला म्हणायची, मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. ती हात वर करायची आणि तराफ्यावरचे सगळे पुरुष श्वास धरायचे.

चाक मुनीरला राहवेना. म्हणाला, "वहिनी, मासे सोडून चिखल धरणारी कोळीण पहिल्यांदाच बघतोय."

"मासे तुम्ही विकून खाल्लेत, चाक. माझ्या वाट्याला चिखलच उरला."

"मग आमचा चिखल काय भाव घेणार?"

"तुमचा नाही हो तो. वरचा वीतभर तुमचा. त्याच्याखाली तुमच्या खापरपणजोबांचा. त्यांना विचारून आलेय मी."

मुनीर असा हसला की होडी डुलली, आणि तिने डोळे वटारून त्याला गप्प केलं, कारण लाट तराफ्यापर्यंत गेली होती.

वर आलेला पाइप ते हातभर लांबीच्या नळ्यांत कापायचे. प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्या टोकाला निळं, दोन्हींवर नळीचा क्रमांक कोरलेला, आणि अंगावर शाईने बाण काढायचा, वर कुठे ते दाखवणारा. मी विचारलं, एवढा सोपस्कार कशाला? ती म्हणाली, "आई, चिखलाला तोंड नसतं. वरचा चिखल नवा, खालचा जुना, पण नळी एकदा आडवी झाली की तो आपणहून काही सांगत नाही. ते आपणच लिहून ठेवायचं. उलटं झालं की नातवाच्या पोटी आजोबा जन्मतात."

दुसऱ्या ठिकाणी पाइप तळात अडकला आणि तुटला, त्यामुळे हाती एकच संच लागला. त्या नळ्या आपल्या मागच्या कोठारात ठेवल्या. घरात तीच सगळ्यात थंड जागा. आडव्या, ओल्या गोणपाटाखाली. हलवू नका म्हणून सांगून ती गाडीची सोय करायला बांडुंगला गेली. मधे आपल्याकडे पैगंबरांच्या जन्मदिनाचं, मौलिदचं पठण होतं, घरात पाहुण्यांची गडबड होती, ते जाऊ दे. मग ती थंड डब्याची गाडी घेऊन आली आणि नळ्या घेऊन गेली.

सप्टेंबरात मी बांडुंगला गेले ते तिचं सामान बांधायला. हे तू नीट वाच. ती यायला तयार नव्हती असं मुळीच नाही. मी खोलीत पाय टाकला तर पेटी उघडी होती. तुझ्यासाठी कोळंबीच्या काळ्या चटणीच्या, पेटिसच्या बरण्या मेणाने बंद करून ठेवलेल्या, सोयाबीनचं वाळवलेलं टेंपे, तुला आवडतो तो काळा सारोंग. तिचे स्वतःचे कपडे सगळ्यात खाली, उरलेल्या जागेत. पुस्तकं तिने मैत्रिणींना वाटूनसुद्धा टाकली होती. नळ्या उघडायच्या, मोजायचं, प्रबंध लिहायचा आणि रमजानच्या आत तुझ्याकडे, असं तिचं ठरलेलं होतं. आणि माझंही. मी तर बु सुमियाहला आधीच सांगून बसले होते की सिमेंटची गरज पडणार नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आज चला माझ्याबरोबर. तुमच्या तळ्याच्या पोटात काय आहे ते दाखवते."

मी ते जन्मभर विसरणार नाही. नळी दोन्ही बाजूंनी लांबीत कापतात, मग बारीक तारेने आतला चिखल मधोमध चिरतात आणि दोन अर्धुकं उघडतात, शेंगेसारखी. बाहेरून काळा गाळ, आणि आत बघावं तर ईदच्या लापिस केकसारखे पापुद्रे! एक गडद, एक फिका, एक गडद, एक फिका, खालपर्यंत. "पावसाळ्यात डोंगराची माती धुऊन येते, तो गडद," पालुपी म्हणाली. "कोरड्या दिवसांत वारा तळं ढवळतो, पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजतं आणि मरून खाली बसतं, तो फिका. एक गडद, एक फिका, झालं एक वर्ष." दात कोरायची काडी घेऊन ती एकेक पापुद्रा दाखवत होती. "हा जाड बघा, त्या वर्षी पूर आला असणार. तुमच्या आजीचं लग्न साधारण इथे असेल, बघा."

माझ्या तोंडून सुभानल्ला निघून गेलं. आपण रोज ज्या पाण्यात भांडी विसळतो त्याच्या तळाशी प्रत्येक वर्ष जपून ठेवलेलं, एकही न चुकता, आणि कुणाला पत्ता नाही. आणि ते वाचणारी माझ्या घरात आली, माझ्या हातचं जेवली, आणि मी तिला मीठ जास्त पडलंय का विचारत राहिले.

मग तिसरी नळी उघडली. तिच्यात गडद पापुद्रे बारीक होत होत नाहीसेच झाले. चार बोटं रुंद नुसतं फिकं. मी विचारलं, "एवढी वर्षं पाऊस आला नाही?"

"नावापुरता आला असेल. माणसाच्या अर्ध्या आयुष्याएवढा दुष्काळ आहे हा, आई." आवाज तिचा अगदी हळू झाला होता. हेच शोधायला ती इतकी वर्षं शिकली होती. आनंद व्हायला हवा होता. पण ती नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि पुन्हा पहिल्याकडे बघत राहिली.

त्या फिक्या पट्ट्याच्या एका बाजूला गडद पापुद्रे हळूहळू बारीक होत विरले होते. दुसऱ्या बाजूला मात्र सुरीने कापल्यासारखं. लाल टोपणाची बाजू वर धरली तर दुष्काळ हळूहळू आला आणि एकदम संपला. निळी बाजू वर धरली तर तो एकाएकी कोसळला आणि जाताना रेंगाळला. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. आणि बाण कुठल्याच नळीवर उरला नव्हता, आणि या एकीच्या तर टोपणांचाही भरवसा नव्हता. ज्वालामुखीची राख असती तर तिचे जाड कण खाली बसतात त्यावरून कळलं असतं, पण या नळीत राखेचा थरच नाही. वरच्या आणि खालच्या नळीशी हिची दोन्ही टोकं सारखीच जुळत होती.

तिचे सर, पाक ताताङ, शेंगदाणे खात आत आले. माणूस वाईट नाही, सांगून ठेवते. तिच्या भल्यासाठीच बोलत होते.

"टोपण लाल आहे ना? मग ती बाजू वर. लिहून टाक."

"सर, टोपणावर माझा विश्वास नाही. बाण पुसला गेलाय."

"कुणी पुसला?"

माझं तोंड उघडलं होतं, सात्रियो. शब्द जिभेवर आले होते. पालुपीने न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला, चिखलाने भरलेला, गार. "माझ्याच चुकीने, सर. शाई साधी वापरली. आई, चहा घ्या ना, निवतोय."

मी चहा घेतला. तो आधीच निवला होता.

सर म्हणाले, "बहुतेक वेळा टोपण बरोबरच असतं, पालुपी."

"आणि नसतं तेव्हा?"

"तेव्हा कुणाला कळत नाही." ते हसले. "तुला जानेवारीत नवऱ्याकडे जायचंय. पदवी घे आणि जा. उरलेलं नंतर कुणीतरी बघेल."

"सर, उद्या माझा कागद बघून कुणी धरणाचं गणित मांडलं, पेरणीचं मांडलं. मी लिहिलं की असा दुष्काळ हळूहळू येतो, आधी चाहूल देतो. लोक चाहुलीची वाट बघत बसले, आणि तो एका वर्षात येऊन दारात बसला तर? चिखल मला जे सांगत नाही ते मी त्याच्या तोंडी कसं घालू?"

"यंत्र पुढच्या जुलैशिवाय परत येणार नाही. वर्ष जाईल."

"माहीत आहे."

"नवऱ्याला काय सांगशील?"

"तेच. मला माहीत नाही असं."

पाक ताताङ शेंगदाण्याची पुडी तिच्यापुढे धरून म्हणाले, "बाई, त्यापेक्षा परीक्षकांपुढे असं बोलायला कमी धाडस लागतं."

मी मॅट्रिक झालेली बाई. मला त्या पापुद्र्यांतलं काय कळणार. पण एवढं मला कळलं. घरखर्चाच्या वहीत एखादा खर्च आठवला नाही तर मी अंदाजाने आकडा भरत नाही, "आठवत नाही" असं लिहून ठेवते. तू आणि तुझे बाबा त्यावर किती हसायचात. मला वाटायचं असं करणारी जगात मी एकटीच मूर्ख. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की या पोरीशी माझं काही नातं आहे, आणि ते तुझ्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. पेटी तशीच उघडी होती. ती म्हणाली, "आई, तो ऐकेल का हो?"

"मी लिहिते त्याला."

"लिहा. पण बाबांचं लिहू नका."

मी हो म्हटलं नाही. लसूण सोलत राहिले.

तेव्हा मघाशी जे "जाऊ दे" म्हणून सोडलं ते आता लिहिते. मौलिदच्या दिवशी मी बाजारातून नारळ घेऊन आले तर विहिरीजवळ नळ्या उभ्या! आडव्या नव्हेत, उभ्या, भिंतीला पाठ लावून, ओळीने, घासूनपुसून चकचकीत, लाल टोपणं वर. पहिलीची पोरं लाल टोप्या घालून झेंड्यापुढे उभी असतात ना, तशी. आणि समोर बाह्या सावरून तुझे बाबा.

"बघ," म्हणाले. "पाहुणे येणार, आणि सुनेचं सामान असं लडबडलेलं! लोक म्हणतील हिला वळण नाही. सगळं काढलं घासून. ती शाईसुद्धा निघाली, राखेपुढे काय टिकतंय."

"अहो, हलवू नका म्हणाली होती ती."

"हलवलं कुठे? धुतलं. एकीची दोन्ही टोपणं निघून कट्ट्यावरून घरंगळली, पण बसवली मी परत घट्ट. विचार तिला आल्यावर, शाबासकी देते की नाही."

आम्ही दोघांनी त्या पुन्हा आडव्या ठेवल्या आणि मी भात टाकायला गेले. मलाही त्यात एवढं काही वाटलं नाही. पालुपी आली तेव्हा बाबांनी तिचा हात धरून कोठारात नेलं. ती खाली बसली. एकेका नळीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "टोपणं कुठल्या नळीची निघाली होती, बाबा?"

"ही. का गं? काही बिघडलं का?"

"छे हो. बरं झालं लगेच बसवलीत, नाहीतर चिखल सुकला असता." आणि तिने त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला. चेहरा उतरला होता तिचा. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

म्हणजे तिला त्याच क्षणी ठाऊक होतं. बांडुंगपर्यंतचा सगळा रस्ता ती ते घेऊन गेली. नळी उघडल्यावर कदाचित आतून काही कळेल, एवढ्या आशेवर. कळलं नाही. मग सरांसमोर, त्या सगळ्या शिकल्यासवरल्या पोरांसमोर, ज्या खुणेला ती कामातलं अर्धं शहाणपण समजते ती खूण स्वतःच्याच चुकीने गेली असं ती म्हणाली. चिखलाबद्दल अर्धा शब्द खोटा न बोलणारी पोर तुझ्या बापासाठी खोटं बोलली. अल्लाकडे याची नोंद कशी होते मला ठाऊक नाही. पण मी त्या दिवसापासून नमाजेत आधी तिचं नाव घेते आणि मग तुझं. रागावू नकोस.

तुझे बाबा मशिदीत सगळ्यांना सांगत असतात, "सुनेच्या कामात माझाही हात आहे." पाठीचा कणा ताठ करून सांगतात. त्यांना कळलं तर ते तिच्यासमोर ताटावर बसणार नाहीत, तुला माहीत आहे ते कसे आहेत.

आता तुझ्या पत्राबद्दल. तिने फोनवर तुला सांगितलं की खूण पुसली गेली, पुन्हा काम करावं लागेल, आणि तू तिला लिहिलंस, "स्वतःचा निष्काळजीपणा झाकायला मोठमोठे शब्द वापरू नकोस. चिखल हवा की नवरा, एकदाच ठरव." ते पत्र मी तिला दिलेलं नाही. देणारही नाही. या पाकिटात घालून परत पाठवते आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे, पण तिच्यावर लिहू नकोस. एवढ्यापुरती काटकसर सोड. नवीन कागद घे.

तू वाईट आहेस म्हणून तू तसं लिहिलंस असं मला वाटत नाही. दिवसभर त्या उन्हात राबून रिकाम्या खोलीत दार उघडायचं, हे मी समजू शकते. तिला तिकडे न्यायच्या परवान्याचे कागद तू किती खेटे घालून मिळवलेस तेही समजते. ते पुन्हा मिळतील की नाही, मला माहीत नाही. मिळतीलच असं खोटं तुला लिहीत नाही. कदाचित तुम्हाला आणखी दोन रमजान वेगळे काढावे लागतील. लोक बोलतील. बु सुमियाहने तर सुरुवात केली आहे. मी तिला म्हटलं, "नातवंडं येतील तेव्हा येतील. आली की त्यांना सांगता येईल असं काही आई करतेय त्यांची." त्यावर ती म्हणाली, "तुला सून लागली आहे, मुर्तिनी, वेड लागतं तशी." असेल बाई, म्हटलं.

तुला हुकूम करायचा असता तर मी केला असता, आई आहे. पण बायको तुझी आहे आणि तिने तुझ्याकडून हुकूम नाही, उत्तर मागितलंय. मला विचारशील तर पुढच्या जुलैत सुट्टी टाक आणि ये. तराफ्यावर माणसं कमी पडतात. तू दोर धर. ती हात वर करेल तेव्हा श्वास धरून उभा राहा. मग ठरव तिला काय लिहायचं ते. पण तोवर वाट बघायला लावू नकोस. त्याआधी एक बरं पत्र तिला गेलं पाहिजे, तिच्या बांडुंगच्या पत्त्यावर. माझ्याकडे पाठवू नकोस, मला वाचायचं नाही. पेटी तिने अजून आवरलेली नाही. बरण्यांवरचं मेणही तसंच आहे.

आणखी एक. माझ्या प्रत्येक पत्राखाली तुझे बाबा सुंदर अक्षरात चार ओळी लिहितात. या पत्राखाली त्या नसतील. ते तळ्यावर गेले आहेत, ते यायच्या आत हे बंद करून टपालात टाकायचं आहे. पुढच्या फोनला तू त्यांना आपणहून विचार, "बाबा, नळ्या बांडुंगला कशा गेल्या?" ते आनंदाने सांगतील, राखेने घासल्यापासून सगळं. शेवटपर्यंत ऐकून घे. आणि म्हण, बरं केलंत बाबा. दुसरं काही बोलू नकोस. तुझ्या बायकोला ते जमलं, अंगठ्याखाली पुसलेली खूण लागत असताना जमलं. तुला तर इतक्या लांबून, नुसत्या आवाजात जमवायचं आहे.

तुझी, आणि या कामात पालुपीच्या बाजूची,
आई
मुर्तिनी